५५० सीसीचे इंजेक्टर आत्ताच टाकून ठेवू का?

वाचकाचा प्रश्न

गुहागर तालुक्यातल्या एका २८ वर्षांच्या वाचकाचं पत्र आहे. घरची आंबा-काजूची बाग ते सांभाळतात. २०२२ मध्ये त्यांनी चिपळुणातून २००१ सालची, पंधराशे सीसीची होंडा सिटी व्हीटेक घेतली. ‘पुरात गाडी उभी होती, पण इंजिनात पाणी गेलं नव्हतं,’ असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. मग ताकद वाढवायची हौस सुरू झाली: हेडचं पोर्टिंग, चढा कॅम, हेडर (धूर बाहेर नेणारे पाइप), मोकळा सायलेन्सर, आणि कंपनीचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, काढून बाहेरचा स्टँडअलोन ईसीयू. २०२३ च्या दिवाळीत पुण्याच्या मित्राने लॅपटॉप लावून ट्यूनिंग करून दिलं. मित्राच्या मते इंजिन आता १३० अश्वशक्तीचं आहे. दोन सीझन गाडी मस्त पळाली. गेल्या पावसाळ्यानंतर मात्र कुंभार्ली घाटात, पोफळी सोडल्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये ५,५०० आरपीएमच्या पुढे तिचा दम तुटतो आणि पेट्रोलच्या किती पट हवा जातेय ते सांगणारा वाइडबँड मीटर १४.३ दाखवतो. खालच्या आरपीएमला फुल थ्रॉटलवर आकडा ठीक असतो. कोल्हापुरात इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या, तपासणीच्या बेंचवर लावून पाहिले, तर मिनिटाला २३८, २३६, २११ आणि २३७ सीसी आले. ईसीयूच्या लॉगमध्ये ६,००० आरपीएमला पल्स विड्थ (इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ) १४ मिलीसेकंद दिसते. मित्र म्हणतो, इंजेक्टर लहान पडतायत, पुढे टर्बो (हवा दाबून इंजिनात कोंबणारा पंखा) बसवायचाच आहे तर मिनिटाला ५५० सीसी देणारे आत्ताच टाक. पुण्यातला दुकानदार ३१० चा सेट द्यायला तयार आहे. चिपळूणचे मिस्त्री म्हणतात, ओरिजिनलला हात लावू नकोस. आंब्याचे पैसे हातात आहेत, वडिलांना अजून सांगितलेलं नाही. तिघांपैकी कोणाचं ऐकू?

उत्तर

नमस्कार. पत्रात आकडे दिलेत, लॉगचे फोटो जोडलेत, त्याबद्दल आधी आभार. ‘गाडी उचलत नाही, काय करू’ एवढ्याच ओळीवर उत्तर मागणारी पत्रं इतकी येतात की तुमचं पत्र वाचून बरं वाटलं.

तिघेही आपापल्या जागी चुकीचे नाहीत. पण तिघे तीन वेगळ्या इंजिनांबद्दल बोलतायत. मित्र बोलतोय तो अजून न बसवलेल्या टर्बोच्या इंजिनाबद्दल. मिस्त्रींच्या डोळ्यासमोर कारखान्यातून १०६ अश्वशक्तीने बाहेर पडलेलं इंजिन आहे. दुकानदाराच्या डोळ्यासमोर कपाटातला सेट. तुमच्या अंगणात उभं असलेलं इंजिन या तिघांच्याही बोलण्यात कुठे नाही.

त्याकडे वळूच, पण एक गोष्ट बाकी सगळ्याच्या आधी. मीटर १४.३ दाखवतो तो चारही सिलिंडर मिळून. हेडरचे पाइप एकत्र येतात त्याच्या पुढे सेन्सर बसलाय, त्याला कोणत्या सिलिंडरला किती मिळालं ते कळत नाही. तुमच्या बेंचच्या आकड्यांची सरासरी येते २३०, आणि तिसरा इंजेक्टर देतोय २११. म्हणजे मीटरवर १४.३ असताना तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिक्स्चर साडेपंधराच्या आसपास आहे. चढावर, पाय पूर्ण दाबलेला असताना, जिथे बारा-तेराच्या मध्ये कुठेतरी असायला हवं तिथे साडेपंधरा. अशा वेळी त्या सिलिंडरमधली उष्णता वाढत जाते, नॉकिंग (मिक्स्चर अवेळी भडकणं) सुरू होतं, आणि मोकळ्या सायलेन्सरच्या आवाजात ते ऐकूही येत नाही. पिस्टनच्या माथ्याला भोक पडतं किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो तेव्हाच कळतं. तेव्हा कारण सापडेपर्यंत ४,५०० च्या वर फुल थ्रॉटल बंद. गाडी शृंगारतळीच्या बाजाराला न्या, चिपळूणला न्या, कुंभार्लीत दामटू नका.

आता तुमचं गृहीतक. इंजेक्टर लहान पडतायत म्हणून मिक्स्चर लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, होतंय, असं मित्राने म्हटलं आणि तुम्ही ते धरून चाललात. पण तुम्हीच लिहिलंय की ट्यूनिंगनंतर दोन सीझन गाडी छान पळत होती. तेव्हाही हेच इंजेक्टर होते, हाच कॅम होता, ईसीयूमधला पेट्रोलचा तक्ता, म्हणजे मॅपही, हाच होता. इंजेक्टरचं माप आपोआप कमी होत नाही. मधल्या काळात दुसरं काहीतरी बदललंय. ते काय, हे शोधायच्या आधी इंजेक्टर बदलले तर मूळ दुखणं गाडीत तसंच राहील, फक्त नव्या मॅपखाली झाकलं जाईल.

इंजेक्टर खरंच पुरे पडतायत की नाही, याचं उत्तर तुमच्याच लॉगमध्ये आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात चार स्ट्रोकचा एक फेरा म्हणजे क्रँकच्या, इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, दोन गिरक्या. १,२०,००० ला आरपीएमने भागलं की एका फेऱ्याला किती मिलीसेकंद मिळतात ते कळतं. ६,००० ला मिळतात २०. त्यातले १४ मिलीसेकंद इंजेक्टर उघडा आहे, म्हणजे ड्युटी सायकल ७० टक्के. साधारण ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत इंजेक्टर सुखाने काम करतो. त्याच्या वर त्याला नीट बंद व्हायला वेळ उरत नाही आणि हिशेब हातातून सुटतो. तुम्ही ७० ला आहात. ७,००० आरपीएमला फेरा १७ मिलीसेकंदांचा होतो, तिथेही १४ च असतील तर ८२ टक्के होतील. जागा आहे, ऐसपैस नाही, पण आहे. दम तुटतोय तो जागा संपायच्या बराच अलीकडे.

म्हणजे ईसीयू सांगतोय ‘१४ मिलीसेकंद उघड’, इंजेक्टर तेवढा उघडतोयही, पण त्यातून जायला हवं तेवढं पेट्रोल जात नाही. किंवा जेवढं जातंय ते आताच्या पेट्रोलला पुरत नाही. मला वाटतं, तुमच्याकडे दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या झाल्यात.

पेट्रोलचं आधी घेऊ, कारण ते सोपं आहे. २०२३ मध्ये ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, निवडक पंपांवर आलं आणि २०२५ पर्यंत जवळपास सगळीकडे पोचलं. तुमचं ट्यूनिंग झालं तेव्हा टाकीत बहुधा दहा टक्क्यांच्या आसपास इथेनॉल असणार, आज वीस टक्के आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला ते जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलचं गणित १४.७ ला जुळतं, ई२० चं साडेतेराच्या आसपास. मॅप जुनाच ठेवून दहाचं वीस टक्के झालं, तर मिक्स्चर साधारण चार टक्के लीन होतं. आणखी एक, मीटरवरचा आकडा पेट्रोलच्या पट्टीवरचा असतो, म्हणून तुम्ही आणि तुमचा मित्र यापुढे लॅम्डामध्येच बोला: गणित अगदी जुळतं तिथे लॅम्डा १, त्याच्या खाली पेट्रोल जास्त. फुल थ्रॉटलला ०.८७ च्या आसपास, मग टाकीत काहीही असो. पेट्रोलच्या पट्टीवर तेच १२.८ होतात.

चार टक्क्यांनी १२.८ चे होतात १३.३. तुमच्या मीटरवर १४.३ आहेत. उरलेला सात टक्क्यांचा फरक कुठून आला?

इथे मला तुमच्या पत्रातली ती पुराची ओळ आठवते. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली होतं, आणि इंजिनात पाणी गेलं नाही एवढ्यावर गाडी वाचली असं होत नाही. पाणी कुठवर चढलं होतं? टाकीच्या श्वासनळीतून, ढिल्या झाकणातून थोडं जरी आत गेलं असेल तरी वाशिष्ठी नदीचा तो बारीक, चिकट गाळ टाकीच्या तळाशी जाऊन बसतो. वर्षानुवर्षं तिथे पडून राहतो. मग इथेनॉलचं प्रमाण वाढतं, ते जुनी टाकी धुऊन काढतं, आणि सुटलेला गंज-गाळ पंपाच्या तोंडाच्या कापडी जाळीवर येऊन बसतो. शहरात गाडी चालवताना काही जाणवत नाही, कारण मागणीच कमी असते. घाटात ५,५०० च्या वर इंजिन सगळं मागतं तेव्हा पंप त्या जाळीतून ओढू शकत नाही आणि रेलमधलं, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतलं, प्रेशर खाली येतं. तुमची लक्षणं तंतोतंत अशीच आहेत. शिंपणाच्या पायपाला मोठी तोटी लावून विहिरीवरच्या पंपाचा जोर वाढत नाही, हे बागायतदाराला मी वेगळं सांगायला नको.

प्रेशर किती पडलं की किती नुकसान, याचा नियम वर्गमुळाचा आहे. ३ बारऐवजी २.६ बार राहिलं तर प्रवाह सुमारे सात टक्क्यांनी घटतो. पेट्रोलचे चार आणि प्रेशरचे सात एकत्र केले की १२.८ चे १४.३ होतात. तुमच्या गाडीत नेमकं हेच घडतंय असा माझा दावा नाही, पण एवढ्याशा पडझडीने तुमचा आकडा पूर्ण जुळतो, आणि त्यात इंजेक्टरच्या मापाचा कुठेच संबंध येत नाही.

तपासायचं कसं? रेलवर टी लावून प्रेशर गेज जोडा. इंजिन चालू असताना प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्युमची नळी काढलीत की ३ बारच्या आसपास दिसायला हवं, लावलीत की अर्धा-पाऊण बार कमी. एवढं ठीक आलं म्हणून समाधान मानू नका. आयडलला बहुतेक पंप पास होतात. खरी परीक्षा लोडखाली, म्हणून शक्यतो डायनोवर, ताकद मोजायच्या मशीनवर, बघा. रस्त्यावर बघायचं तर गेज बॉनेटच्या बाहेर, काचेच्या खाली घट्ट बांधा आणि शेजारी बसलेल्याला आकडा वाचायला सांगा. तिसऱ्या गिअरमध्ये एकदाच ५,५०० पर्यंत न्या, काटा खाली येताना दिसला की तिथेच पाय काढा. पेट्रोलची नळी कुठल्याही परिस्थितीत केबिनमध्ये घ्यायची नाही. ‘दोन मिनिटांचंच काम आहे’ म्हणणारे फिटर भेटतात, त्यांचं ऐकू नका.

काटा पडला तर टाकी उतरवा, पंप वर काढा, जाळी उजेडात धरून बघा, टाकी धुऊन घ्या, फिल्टर बदला. त्याच वेळी मल्टिमीटरने पंपाच्या टर्मिनलवरचा व्होल्टेज मोजा, इंजिन चालू असताना. बॅटरीवर १४ आणि पंपावर साडेबारा असेल तर दोष पंपाचा नाही, वायरिंगचा आहे. आपल्याकडे किनाऱ्यालगत ही तक्रार घराघरात आहे. खारी हवा अर्थिंगच्या लगला आणि कनेक्टरच्या पिनांना खाते, वरून रबरी टोपण धडधाकट दिसतं आणि आत हिरवी भुकटी झालेली असते. तुमची गाडी तर पुरात उभी होती. इंजिन ते बॉडी आणि बॉडी ते बॅटरी अशा दोन्ही अर्थच्या पट्ट्या काढा, खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, परत कसा आणि वरून ग्रीस लावा.

व्होल्टेजचा इंजेक्टरशीही थेट संबंध आहे. ईसीयूने करंट सोडला की इंजेक्टर लगेच उघडत नाही, साधारण एक मिलीसेकंद त्यातच जातो. याला डेड टाइम म्हणतात. व्होल्टेज घसरला की हा वेळ वाढतो. ईसीयूला बॅटरीवर १४ दिसतायत, तो त्या हिशेबाने भरपाई करतो, पण गंजलेल्या पिनेपलीकडे इंजेक्टरला तेवढे मिळतच नसतील तर प्रत्येक फवारा थोडा थोडा तोकडा पडत जातो. दोन वर्षांत गाडी हळूहळू लीन होत गेली, याचं हेही एक कारण असू शकतं.

तिसऱ्या इंजेक्टरचं काम तर गेजची वाट न बघता करून घ्या. चारही अल्ट्रासॉनिक मशीनवर साफ करून घ्या, आतल्या बारीक जाळ्या आणि ओ-रिंग बदला, आणि परत बेंचवर लावा. चौघांत दोन-तीन टक्क्यांच्या वर फरक राहता कामा नये. साफ करूनही तिसरा मागेच राहिला तर त्याच पार्ट नंबरचा दुसरा शोधा आणि बाकी तिघांशी बेंचवर जुळवून मगच बसवा. जाता जाता: मिरकरवाड्याला किंवा हर्णैला ट्रॉलरच्या डिझेल पंपांचं आणि नोझलचं काम करणारे हात पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत, पण पेट्रोल इंजेक्टरचं बेंच वेगळं असतं. त्यांच्याकडे ते मशीन आहे का हे विचारूनच द्या. तुम्ही कोल्हापूर गाठलंत ते योग्यच केलंत.

हे सगळं झाल्यावर, आणि तेव्हाच, मापाचा प्रश्न हातात घ्यायचा. त्याचा हिशेब कागदावर बसतो. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण अर्धा पौंड इंधन खातं. तासाचा एक पौंड म्हणजे मिनिटाचे साडेदहा सीसी, म्हणजे एका अश्वशक्तीला सव्वापाच सीसी. ई२० साठी त्यात सातेक टक्के घाला, ५.६ धरा. आता इंजेक्टरचे सीसी गुणिले चार, त्याचे ८० टक्के, भागिले ५.६.

तुमचे साफ केलेले इंजेक्टर २३५ चे धरले तर उत्तर येतं १३४ अश्वशक्ती. मित्राचा १३० चा आकडा खरा मानला तरी तुमचे आताचे इंजेक्टर पुरतात. आणि तो आकडा आला कुठून, हेही मित्राला विचारा. डायनोवर मोजला असेल तर चाकांवरचा की क्रँकचा? इंजेक्टरचं गणित क्रँकच्या ताकदीवर चालतं. मोजलेलाच नसेल, नुसता कॅमचे इतके, हेडरचे इतके अशी बेरीज असेल, तर मी त्यातून दहा-पंधरा वजा करून चालेन.

३१० घेतले तर त्याच हिशेबाने १७५ च्या पुढे जाता येतं. टर्बोशिवाय या इंजिनातून एवढी ताकद काढायची म्हणजे पिस्टन, कॉम्प्रेशन, इनटेक सगळंच बदलावं लागेल. तुम्हाला दीडशेपर्यंत जायचं असेल तर ३१० हे अगदी शहाणं माप आहे. आज जायचं आहे का?

५५० चं काय होतं ते जरा नीट बघा, कारण मोठा इंजेक्टर म्हणजे जास्त ताकद हा समज फार पसरलाय. ताकद हवा जाळून येते. हवेला लागतं त्याहून जास्त पेट्रोल ओतलं तर ते धुरातून बाहेर पडतं, नाहीतर सिलिंडरची भिंत धुऊन ऑइलमध्ये उतरतं. ट्यूनर पल्स विड्थ कमी करून हिशेब जुळवेल, पण मग आयडलला अडचण येते. आज तुमची गाडी आयडलला समजा अडीच मिलीसेकंद उघडते, त्यातला एक डेड टाइमचा, खरे दीड. ५५० ला तेवढंच पेट्रोल द्यायला खरे ०.६४ मिलीसेकंद पुरतात. मोजणीत एक दशांश मिलीसेकंदाची चूक झाली तर आज ती सात टक्क्यांची ठरते, ५५० वर पंधरा टक्क्यांच्या वर जाते. इतक्या छोट्या फवाऱ्याला बरेचसे इंजेक्टर सरळ रेषेत वागतही नाहीत. गणपतीच्या दिवसांत हायवेवरच्या रांगेत, एसी लावून, आरपीएम वरखाली हेलकावे खातायत आणि गाडी दर पाच मिनिटांनी बंद पडतेय, हे चित्र डोळ्यासमोर आणा. नव्या पिढीचे चांगले इंजेक्टर मोठे असूनही आयडल सांभाळतात, हे मी मान्य करतो. पण त्यासाठी त्यांचा खरा डेटा लागतो: कोणत्या प्रेशरला, कोणत्या व्होल्टेजला, किती डेड टाइम. तो ईसीयूमध्ये भरणारा माणूसही लागतो.

आणि हा डेटा नसलेले सेट बाजारात ढिगाने आहेत. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे, वर नामांकित कंपनीचा शिक्का मारलेले, आत कशाचा कशाला मेळ नाही. चार एकसारखे निघाले तर नशीब. बेंचचा लेखी रिपोर्ट आणि डेड टाइमचा तक्ता मिळत नसेल तर कितीही स्वस्त असला तरी तो सेट घेऊ नका. घेण्याआधी मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजा. १२ ते १६ ओहम आला तर बहुतेक ईसीयू थेट चालवतात. दोन-तीन ओहमचे असतील तर रेझिस्टर पॅक किंवा वेगळा ड्रायव्हर लागतो, नाहीतर ईसीयूचाच ड्रायव्हर जळतो. कनेक्टर आणि लांबी जुळते का, हे तर दुकानातच बघायचं.

राहिला टर्बो. ‘पुढे बसवायचाच आहे’ असं तुम्ही लिहिलंय, पण पत्रात टर्बो कोणता, बूस्ट (हवेचा वाढीव दाब) किती, पैसे कधी, याबद्दल एक अक्षर नाही. टर्बो इंजिन जास्त रिच, म्हणजे पेट्रोल जास्त ठेवून, चालवावं लागतं, तिथे दर अश्वशक्तीला सव्वासहा सीसी धरतात, ई२० वर पावणेसात. २०० अश्वशक्ती हवी असेल तर गणित ४२० सीसीच्या आसपास येतं, म्हणजे ४४० चा सेट भागवतो. ५५० म्हणजे २६० ची तयारी. कारखान्याचेच रॉड, कारखान्याचेच पिस्टन आणि पंचवीस वर्षं जुना ब्लॉक असताना २६० ची भाषा मी तरी करणार नाही. क्लच, गिअरबॉक्स आणि ब्रेक यांचा तर अजून विषयच निघालेला नाही. शिवाय टर्बो येईल तेव्हा पंपही मोठा लागेल, आणि रेग्युलेटर बूस्टबरोबर प्रेशर वाढवणारा लागेल. तेव्हा सगळं एकत्र, ठरवलेल्या एका आकड्यावरून निवडायचं. आज घेऊन ठेवलेले इंजेक्टर तोपर्यंत खाऱ्या हवेत डब्यात पडून चिकटतील.

इथेनॉलबद्दल किनारपट्टीवरच्या सगळ्यांनाच सांगण्यासारखं एक. ते हवेतला ओलावा ओढतं, आणि पाणी जास्त झालं की इथेनॉल-पाण्याचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो, नेमका पंपाच्या तोंडाशी. तुमच्यासारखी हौसेची गाडी पावसाळ्यात ताडपत्रीखाली महिना-महिना उभी राहत असेल तर टाकी अर्धी ठेवू नका. भरलेली ठेवा, आणि पंधरवड्यातून एकदा गाडी बाहेर काढा. २००१ च्या गाडीतल्या रबरी नळ्या ई२० साठी बनवलेल्या नव्हत्या. हात फिरवून बघा, फुगलेली, चिकट झालेली किंवा तडे गेलेली नळी लगेच बदला.

आता वडिलांचं. घरच्या गोष्टीत नाक खुपसायची माझी इच्छा नाही, पण विम्याची आणि कायद्याची बाजू त्यांच्याही घराशी जोडलेली आहे म्हणून सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कारखान्याच्या मूळ तपशिलापासून वेगळे बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी बदल न कळवल्याचं कारण पुढे करून दावा नाकारू शकते. टर्बोपर्यंत पोचायच्या आधी हे त्यांच्यासमोर मांडा. आणि कुंभार्ली हा गुहागर-विजापूर रस्ता आहे, वळणापलीकडून एसटी येते, उसाचा ट्रक येतो. ताकद आजमावायची खरी जागा डायनो किंवा ट्रॅक.

ज्यांची गाडी वेगळी आहे त्यांनाही हाच हिशेब लागू पडतो, जिप्सी असो नाहीतर जुनी बलेनो. नव्या डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांना तो तसाच्या तसा चालत नाही. तिथे इंजेक्टर थेट सिलिंडरमध्ये, कितीतरी जास्त प्रेशरला उडवतो, आणि त्याला मिळणारा वेळही तोकडा असतो. डिझेलवाल्यांचा विषय तर वेगळाच आहे, त्याची पत्रं स्वतंत्र पाठवा.

तर तुमच्यासाठी आंब्याच्या पैशातला पहिला खर्च टाकी, जाळी, फिल्टर, अर्थिंग आणि इंजेक्टरची सफाई यावर होऊ द्या. दुसरा डायनोवर मित्राला घेऊन ई२० साठी नव्याने मॅप करण्यावर. मिस्त्रींनाही सोबत न्या, त्यांचा सल्ला तुमच्या आजच्या इंजिनाला सगळ्यात जवळचा होता. मग मला तीन आकडे कळवा: लोडखाली रेलचं प्रेशर, ७,००० ला पल्स विड्थ आणि क्रँकची मोजलेली ताकद. प्रेशर जागच्या जागी आहे, लॅम्डा ०.८७ आहे आणि तरीही पल्स विड्थ साडेचौदाच्या पुढे जातेय, असं दिसलं तर मीच तुम्हाला ३१० चा सेट घ्यायला सांगेन.